परीक्षेची भिंत

अरे थांबा, मधे बोलू नका, आधी मला ओकू द्या सगळं.

तर आम्ही पोचलो. दादा आणि मी, बहीणभाऊ, दोघं गवंडी, दोन दिवस बसमध्ये अंग आंबवून. उत्तरेचं ते टोक म्हणजे श्वास सोडला की तोंडासमोर धूर. तिथं बांधकाम वर्षातले चारच महिने चालतं, मग जमीन अशी गोठते की पहार लावली तर पहारच वाकेल. त्यातले तीन महिने संपलेले. म्हणजे या आठवड्यात काम मिळालं तर मिळालं, नाहीतर बसा पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत. आणि वहिनीला सातवा महिना चालू. इकडे काय काम आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

गेटवर मुकादम. कानापर्यंत लोकरीची टोपी, आवाज असा की जणू सगळी जमीन याच्या बापाची. म्हणाला, "आधी परीक्षा. प्रत्येकानं दोन मीटर भिंत, छातीएवढी. हात बघतो आणि मग घेतो." माझ्याकडे बघून म्हणतो, "तू काय, चहा करणार?"

मी म्हटलं, "चहा तुम्ही ठेवा, तोवर माझी भिंत होते."

दादानं कोपर मारलं. बाकीचे हसले.

तीस जण होतो. पाया आधीच भरलेला, एकच दोरी ताणलेली, लांबच्या लांब. आणि आम्ही येडे खूश! सिमेंट-वाळूचा माल कालवला, थाप्या चालू. गवंड्याची खोड असते ना, परीक्षेची असली तरी वाकडी भिंत बघवत नाही. शेजाऱ्याशी थर जुळवले, सांधे पुसले, जणू आपल्याच घराची. माझं टोक शेवटचं. मुकादम म्हणाला, "टोकाला दाते सोड." म्हणजे एकाआड एक वीट बाहेर काढून ठेवायची, पुढची भिंत त्यात अडकवायला. सोडले. हात आपोआपच करतात ते.

संध्याकाळी खोलीवर हात धुताना डोक्यात उजेड पडला. "दादा, परीक्षेच्या भिंतीला दाते कशाला रे? तिला पुढे कुठं जायचंय?"

तो मोजे वाळत घालत होता. वळलाही नाही. "जेव गुमान."

म्हणजे याला माहीत होतं! दोरी बघितली तेव्हाच कळलं होतं आणि तोंडात मिठाची गुळणी!

सकाळी गेटवर गेलो तर नवे तीस. आणि पहिला गडी कुठं उभा? माझ्या दात्यांपाशी. माझं टाळकंच सरकलं. ओरडले, "अहो, ही परीक्षा नाही! फुकटात कुंपण बांधून घेताहेत तुमच्याकडून!"

तो गडी पांढऱ्या मिश्यांचा, आपल्या बाबांच्या वयाचा. हळूच म्हणाला, "माहितीये गं पोरी. पण साठातला एक तरी घेतात ना."

 

तेवढ्यात मुकादमानं दादाला हाक मारली. "तुझा हात चांगला आहे. तुला घेतला. आजपासून यांची परीक्षा तू घ्यायची."

दादानं एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"कुंपण पुरं होईपर्यंत. मग बघू."

आणि त्यानं भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा हातात घेतला. खरंच घेतला.

मग मी भिंतीपाशी गेले. थंडीत माल लवकर धरत नाही, कालचा अजून कच्चाच होता. माझ्या दोन मीटरातली वरची वीट हलवली, निघाली. दुसरी काढली. तिसरी. मुकादम तिकडून बोंबलतोय, रांग बघतेय.

दादा धावत आला. "नको गं. आता हे माझ्या अंगावर येईल."

"येऊ दे."

त्यानं माझा हात धरला नाही. खाली बसला, विटेचा माल खरवडला, नवा लावला आणि ठेवली परत. मी काढतेय, तो लावतोय.  मी रडतेय, शिव्या देतेय, काढतेय. पण थापी धरायला मला त्यानंच शिकवलंय ना, त्याच्या हाताला माझा हात कुठला पुरायला? माझी एक निघेपर्यंत त्याच्या दोन बसत होत्या.