खांद्यातली गाठ आणि माझ्या पायाखालचे ठोकळे

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं तर मला राग येत नाही. मोडकी म्हणाल तर मात्र सुई टोचेन. राजाजीनगरातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी माझी जागा. कारखान्यात माझ्या अंगावर काळा रंग चढला, मानेवर सोनेरी वेलबुट्टी उमटली, तेव्हा मी किती तोऱ्यात होते म्हणून सांगू! ती वेलबुट्टी केव्हाच पुसली गेली. तोरा मात्र अजून आहे.

माझी धनीण श्यामला. हे शिंपी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आलं आणि इथलंच झालं. श्यामलाला सगळी गल्ली अक्का म्हणते, आणि तिचा नवरा दत्ता सगळ्यांचा अण्णा. लग्नाचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, काय काय शिवलं आम्ही दोघींनी! गिऱ्हाईक आरशासमोर वळून वळून बघायचं आणि अक्काच्या हाताचं कौतुक करायचं. माझं नाव कुणी घेत नसे, पण चालायचंच.

मग तिचा उजवा हात दुखू लागला. खांद्याच्या पुढून कळ निघायची आणि दंडातून थेट मनगटापर्यंत उतरायची. हात पाठीमागे जाईना, त्या कुशीवर झोपवेना. तिने मनगटाला बाम चोळला, दंडाला पट्टी बांधली. डॉक्टरांनी तपासलं, हाड ठीक, सांधा ठीक. "मग मी काय सोंग करते?" श्यामला चिडून म्हणाली. मग सगळा दोष माझ्यावर आला. मशीनने हात खाल्ला म्हणे!

माझ्यावर चादर पडली. तेल सुकलं, पट्टा सैल झाला. शिवणकाम सोडायचं असं श्यामलाने ठरवलं, पण तेव्हापासून तिचं जेवण कमी झालं आणि बोलणंही. शेवटी दत्ताने यशवंतपूरच्या अरविंदला निरोप धाडला. तो जुन्या मशिनी विकत घेतो. मला भंगाराची भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती ही, की मी गेले म्हणजे ही बाई कायमची बसून जाईल.

अरविंद यायच्या आदल्या दिवशी शाल्मली खाली आली. ही पुण्याची मुलगी, फिजिओथेरपिस्ट, वरच्या मजल्यावर भाड्याने राहते.

"अक्का, या कुर्त्याच्या बाह्या जरा आत घेऊन द्याल? फिटिंग अगदीच गंडलंय."

"हात गेला गं माझा," श्यामला म्हणाली. "मशीनही उद्या जाते."

शाल्मलीने कुर्ता बाजूला ठेवला. कुठे दुखतं, मुंग्या येतात का, पकड सुटते का, सगळं विचारलं, रिपोर्ट पाहिले. मग श्यामलाच्या पाठीमागे उभी राहून तिच्या खांद्याच्या फऱ्यावर अंगठ्याने हळूहळू चाचपू लागली.

"अगं, पाठ कुठे दुखतेय? हात दुखतोय."

"स्वल्प थांबा, अक्का," शाल्मली म्हणाली. इथे राहून तीही ‘जरा’ला ‘स्वल्प’ म्हणायला शिकली होती. एका जागी तिने अंगठा दाबून धरला.

श्यामला दचकली. "हीच. हीच ती कळ. मनगटापर्यंत गेली बघ. तू तर हाताला शिवलीही नाहीस."

"फऱ्यावरच्या स्नायूत ताठ दोरी झालीय, आणि त्यात ही एवढीशी गाठ. याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. गाठ इथे, दुखणं तिकडे. स्नायू सारखा ताणलेला राहिला, त्याला उसंत मिळाली नाही, की असं होतं. तुमचं दुखणं खरं आहे, अक्का."

इतक्या महिन्यांत आपलं दुखणं कुणीतरी खरं मानलं, याचंच श्यामलाला रडू आलं.

"आता शिवायला कशा बसता ते दाखवा."

चादर निघाली. श्यामला बसली, आणि तिचे खांदे कानांना भिडायला निघाले. शाल्मलीने खाली वाकून पाहिलं. माझ्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे होते.

ते हात दुखायच्या आधी दत्ताने बसवलेले. वाकून वाकून बायकोची कंबर दुखते म्हणून त्याने स्वतः रंधा मारून केले होते. त्याच आठवड्यात आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे कात्री, इस्त्री, मशीन, सगळ्यांना फूल वाहतात आणि सुट्टी देतात. पूजेत ठोकळ्यांनाही हळदकुंकू लागलं. आता पूजलेली वस्तू काढायची कशी? खांदे उचलून शिवावं लागे, श्यामलाला ती उंची पहिल्या दिवसापासून जड जात होती, पण देवाचं आणि नवऱ्याचं मन राखायला ती गप्प बसली. मला बोलता येत असतं तर तेव्हाच गल्ली गोळा केली असती.

दत्ताचा चेहरा पडला. "म्हणजे हे मीच केलं की."

"अहो, कंबर दुखायची राहिली ना माझी," श्यामला म्हणाली. "आता खांद्याकडेही बघा जरा."

दत्ताने ठोकळ्यांना नमस्कार केला आणि एकेक काढून घेतला. कंबरेसाठी पाठ असलेली खुर्ची आणली. अरविंदला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

गाठ काही एका दाबण्याने गेली नाही. शाल्मलीने टेनिसचा चेंडू दिला. तो भिंत आणि फऱ्याच्या मध्ये धरून सोसेल इतकाच दाब द्यायचा, मग शेक, मग हलका व्यायाम. हाताची ताकद गेली किंवा बधिरपणा आला तर चेंडू सोडून डॉक्टरांकडे जायचं, हेही तिने बजावलं. काही दिवस बरे जात, मग एखादा दिवस असा येई की श्यामला तो चेंडू कोपऱ्यात फेकून देई. संध्याकाळी पुन्हा उचलून आणी.

आज अरविंद आला तेव्हा ती शाल्मलीचा कुर्ता घेऊन माझ्यापुढे बसली होती.

"अक्का, मशीन न्यायला आलो."

"सरी, बरं, बस. एवढी बाही होऊ दे."

एक बाही झाली. दुसरीला हात न घालता श्यामला उठली आणि खांदे मोकळे केले. मी थक्क झाले, मित्रांनो. जी बाई काम अर्धं टाकून कधी पाणी प्यायली नाही, ती म्हणाली, "दुसरी बाही चहा झाल्यावर. तूही चहा घे, आणि रिकामाच जा."

मित्रांनो, तुम्हीही तासन्‌तास मोबाइलमध्ये मान घालून बसता, मला खिडकीतून दिसता. मध्येमध्ये उठत जा. दुखणं अंगावर काढू नका, आणि दुखणाऱ्याला सोंग करतो म्हणू नका. चला, आतून कपबश्या वाजल्या, चहा झाला वाटतं. आम्हाला दुसरी बाही शिवायची आहे.