जून महिन्यातलं विमान

"काका, थोडे बाजूले सरका ना. पाहुणे फोटोत यायले पायजेत."

रीता मॅडमनी इतक्या गोडीनं म्हटलं, की टिकाराम निंबार्ते यांना सरकावंच लागलं. आंधळगावच्या शाळेत विज्ञान दिनाला मधली खुर्ची अकरा वर्षं त्यांची होती. हवाई दलात वीस वर्षं त्यांनी विमानांची चाकं आणि ब्रेक सांभाळले होते. यंदा त्या खुर्चीत अंकुश लांजेवार बसला होता. त्यांच्याच मोहल्ल्यातला, कालपरवापर्यंत लग्नांत बुंदी पाडणारा. अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळावर चौदा महिने स्वयंपाकी म्हणून राहून आला होता.

पोरं पेंग्विनबद्दल विचारत होती, अंकुश हसून सांगत होता. दर टाळीला टिकाराम मनात हिशेब मांडत होते. आपण जन्मभर विमानं रवाना केली, खाली उभं राहून. ध्रुवांवरची मिळतील ती पुस्तकं वाचून काढली. आणि बर्फावर उतरला हा, पोळ्या लाटणारा!

नववीतली रंजिता उठली. "सर, मोठे देश उत्तरेकडच्या बर्फासाठी काहून भांडून राहिले? बातम्यांत दाखवते."

अंकुशनं मान खाजवली. "मी दक्षिणेले होतो बेटा. तिथं लढाईच्या कामाले मनाई हाये. उत्तरेचं... सोनं-गिनं असन खाली."

टिकाराम उठलेच. कुणी बोलावलं नव्हतं. टेबलावरचा पृथ्वीगोल उचलून त्यांनी उत्तर ध्रुव पोरांसमोर येईल असा कलता धरला.

"सोनं नाही. भिंतीवरच्या नकाशात रशिया एका टोकाले, अमेरिका दुसऱ्या टोकाले. आता वरून पाहा. समोरासमोरची घरं! मधात फक्त गोठलेला समुद्र. बॉम्बर जाईन तर याच वाटेनं, क्षेपणास्त्र बी याच वाटेनं. म्हणून रडार तिथं, धावपट्ट्या तिथं. आता बर्फ वितळून राहिला, त जहाजांचे रस्ते बी खुलून राहिले. ज्याच्या हाती हा माथा, त्याले साऱ्यांचं अंगण दिसते."

पोरं बाकांवरून पुढे वाकून गोल पाहू लागली. तिथं थांबायला हवं होतं. पण जीभ थांबली नाही.

"पोळ्या लाटाले गेलेल्या माणसाले हे कसं मालूम असन?"

मागची पोरं फिदीफिदी हसली. भिंतीपाशी बसलेल्या अंकुशच्या आईनं, निर्मलाबाईंनी, मान खाली घातली.

अंकुश चिडला नाही. "खरं हाये काका. मंग एक गोष्ट मले बी समजावून द्या. जूनमध्ये बाबा गेले. मले घरी पोचवा म्हणून मी साऱ्यांच्या पाया पडलो. काहून नाही आलं विमान?"

टिकारामांनी गोल खाली ठेवला.

"जूनमध्ये तिथं भर हिवाळा, दिवसरात्र अंधार असते. वारा असा का धावपट्टी दिसत नाही. थंडीनं तेल घट्ट होते, रबर कडक होऊन तडकते. ब्रेकचा भरवसा नाही."

"म्हणजे यानं हट्टच धरला असता, तरी?" निर्मलाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं. "लोक म्हणते, पोराले यायचंच नव्हतं. पगार सोडवत नव्हता."

हे पानठेल्यावर पहिल्यांदा कोण म्हणालं होतं, ते टिकारामांना पक्कं ठाऊक होतं. ते शब्द त्यांचेच होते.

त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. भर हिवाळ्यात, त्याच खंडावरच्या काळोखात, एखाद्या अत्यवस्थ माणसासाठी विमान उतरल्याचं त्यांनी वाचलं होतं. एकदा नव्हे, दोन-तीनदा. साल, विमानाची जात, सगळं जिभेवर होतं. माहीत असलेली गोष्ट त्यांनी आजवर कधी पोटात ठेवली नव्हती.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "जूनमध्ये तिथं कोणतंच विमान उतरत नाही. आजपर्यंत एक बी उतरलं नाही."

निर्मलाबाई पोराकडे पाहत राहिल्या. अंकुशनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

पहिल्या बाकावर रंजिता ते वाक्य वहीत उतरवून घेत होती. टिकारामांनी तिला थांबवलं नाही.