चार इंची पाइप

बेंबळीत कुणाच्या विहिरीवर मोटर बसवायची असली, की कृष्णराज सरांना विचारल्याशिवाय पाइप आणला जात नसे. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या सरांचे एक वाक्य गावाला पाठ होते : "पाइप चार इंची आणि मोटर दीड एचपीची, हा शहाणपणा नव्हे."

म्हणून सून राजेश्वरी हिला घरून काम करण्याची परवानगी मिळाली, तेव्हा राउटर निवडण्याचा मान आपोआप सरांकडे आला. पुण्याच्या कंपनीचे सारे काम व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद होऊन जायचे आणि ते कुलूप लावण्या-उघडण्याचे काम राउटरनेच करायचे होते. "मामा, प्रोसेसर जरा तगडा बघा," ती म्हणाली होती. सरांनी खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा आणि सहा अँटेना पाहून राउटर आणला.

व्हीपीएन सुरू झाला, की ऑनलाइन बैठकीत तिचा आवाज तुटू लागे. कंपनीने बजावले : लाइन सुधारा, नाहीतर दिवाळीनंतर घर सोडून पुण्याला या. सरांचे निदान ठाम होते. "तू लॅपटॉपवर एकदम दहा खिडक्या उघडतेस." पारावरही त्यांनी तेच सांगितले आणि लोक हसले.

पुढे तक्रार थांबली. सर समाधानी झाले.

एका दुपारी ते शेजारी फरिदाबींकडे शिडी मागायला गेले. दाराशी राजेश्वरीच्या चपला होत्या.

"हळू बोला भाऊ," फरिदाबी म्हणाल्या. "सूनबाईची मीटिंग चाललीय. आमचा पोरगा मुजीब बी हैदराबादचं काम घरूनच करतो न्हवं, त्याच्या राउटरवर बसती. म्या म्हणलं, सासऱ्याला सांग की. तर म्हणती, न्हाय, मामांनी हौसेनं आणलाय."

भिंतीवरच्या त्या राउटरला दोनच अँटेना होत्या. सरांना उमगले. आपण वाचला तो आकडा राउटर ते लॅपटॉप एवढ्याच वाटेचा होता. तो पाइप. कुलपाचा भार ओढणारी मोटर, म्हणजे प्रोसेसर, आत होती आणि ती आपण पाहिलीच नव्हती.

आतून लॅपटॉपवरच्या तिच्या साहेबांचा आवाज आला. "आता स्वच्छ ऐकू येतंय. राउटर बदललात का?"

"हो सर. सासऱ्यांनीच निवडला. ते यातले जाणकार आहेत."

सरांचे कान तापले. बैठक संपवून राजेश्वरी बाहेर आली आणि त्यांना पाहून जागीच थबकली.

"मामा, ते... घरात जरा उकडत होतं म्हणून..."

"कोणता आणायचा, ते तू सांग," सर तिच्या चपलांकडे पाहत म्हणाले. "मी उद्याच धाराशिवला जातो."

शिडी तिथेच राहिली. ते पाराकडे निघाले. पारावर बसलेल्या धनाजीने लांबूनच हाक दिली, "काय सर, सुनंच्या खिडक्या मिटल्या का?"

"खिडक्यांचा दोष नव्हता," सर म्हणाले. "पाइप चार इंची होता, धनाजी. निवड माझी होती."

कुणीच हसले नाही. हसले असते, तर सरांना बरे वाटले असते.