ताजुद्दीनचा डावा डोळा

"वय किती म्हणालात?" डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला केला.

"छत्तीस."

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. उजव्यात सुरुवात आहे."

ताजुद्दीन हसला. "माझ्या अब्बांना पण नाय अजून!"

बेलापूरच्या सरकारी कचेरीत तो जमिनींचे नकाशे काढायचा. दोन महिने झाले, कागदावरच्या रेघा त्याला धुरकट दिसत होत्या. बाईंनी त्याची बाही वर सरकवली. कोपराच्या घडीतली कातडी काळी, जाड पडली होती.

"हा इसब कधीपासून?"

"लहानपणापासून. पापण्यांवर पण येतो. खाज सुटली की मुठीनं चोळतो, मग मेडिकलमधलं मलम लावतो. बारा वर्षं तेच."

"पापण्यांवर स्टेरॉइडचं मलम? कुणाला न विचारता?"

त्यानं बाही खाली ओढली.

"जुनाट इसबानं असं होतं, मलमानंही होतं. आणि चोळून चोळून आतला पडदा सुटू शकतो."

"पण डॉक्टर, कातडीचा आणि डोळ्याचा संबंध काय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. असं कुणी विचारत नसे.

"पोटात बाळ घडतं ना, तेव्हा कातडी आणि डोळ्यातलं भिंग एकाच थरातून तयार होतं."

"एकाच?" तो खुर्चीत पुढे सरकला. "मग पडदा?"

"ऑपरेशनचं विचारा ना तुमी!" शेजारी बसलेली त्याची बायको नूरजहाँ वैतागली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू निघाला, पण मागचा पडदा आधीच सुटलेला निघाला. पुन्हा शस्त्रक्रिया करूनही त्या डोळ्याला नजर आली नाही. उजव्यानं वाचता येई, पण बारीक रेघेवर पेन नेमकं टेकेना. साहेब काही बोलण्याआधी त्यानंच अर्ज करून रेकॉर्ड विभाग मागून घेतला. पेनं धुऊन, पुसून शेजारच्या टेबलावरच्या अंकुशच्या हाती दिली.

"थोडे दिवस बघा तरी," अंकुश म्हणाला.

"कुणाची हद्द चुकली तर?"

नावडे गावातल्या घरी त्याची चार वर्षांची लेक झेबा होती. तिच्याही गालांवर, पापण्यांवर तसेच लाल चट्टे. तिला घेऊन तो कातडीच्या डॉक्टरांकडे गेला, मोठ्या अक्षरांत अकरा प्रश्न लिहून.

"हिचंही असंच होईल?"

"होईलच असं नाही. पण चोळू देऊ नका. आणि मनानं काही लावू नका."

रविवारी दुपारी झेबाच्या मुठी डोळ्यांकडे गेल्या. त्यानं त्या हलकेच धरल्या, पापण्यांवर गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी ठेवली.

"अब्बा, खाजतंय!"

"कसं खाजतंय? सांग मला."

हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

झेबा विचारात पडली. "मुंग्यांसारखं."

"किती मुंग्या?"

ओल्या फडक्याखाली डोळे मिटून ती मोजू लागली.