काचेतून आलेली सोंगं

मित्रांनो, मी एक जुना, रखडत चालणारा टॅबलेट आहे. तरीही ताठ मानेने सांगतो, माझा जन्म सार्थकी लागला!

दूर अल्बर्टात नोकरी करणाऱ्या गेरार्डने मला विकत घेतलं आणि कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडच्या खाडीकाठी, आपल्या विधवा आईकडे, फिलोमिनाकडे आणून दिलं. तिने मला स्वयंपाकघरात पावाच्या डब्याला टेकवून उभं केलं. येईल त्याला ती सांगायची, "यात माझा गेरार्ड दिसतो!" तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

पुढे मात्र तिला माझा नाद लागला. सकाळपासून ती लोकांचे फोटो बघत बसे. कुणाची नातवंडं, कुणाची सहल. कुणाला एका शब्दाने विचारपूस करत नसे, नुसती बघे, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरे. एकदा तिने आपल्या काकवीच्या पावाचा फोटो टाकला. दोघांनीच आवडल्याचा अंगठा दिला. ती इतकी हिरमुसली की गेरार्डला म्हणाली, "या गावाला मी नकोशी झालेय. नाताळ झाला की घराला कुलूप लावून तुझ्याकडे येते." मला अपराध्यासारखं वाटलं.

नाताळात आमच्याकडे शेजारीपाजारी सोंगं घेऊन घरोघर नाचत जातात. तोंडावर उशीचा अभ्रा, पुरुषांच्या अंगात बायकांचे झगे. घरच्यांनी ओळखलं की तोंडावरचा अभ्रा काढायचा. पण त्या वर्षी बर्फाच्या वादळाने रस्ते बंद झाले. फिलोमिना खिडकीशी बसली होती, इतक्यात मी वाजलो.

माझ्या काचेत अभ्रा घातलेलं एक ध्यान! श्वास आत ओढत, आवाज बदलून ते म्हणालं, "सोंगांना आत घेता का, बाई?"

फिलोमिना क्षणभर बघत राहिली आणि खो खो हसत सुटली. "अरे अँब्रोज! तोंड झाकलंस, पण मागची तुझी हिरवी चूल कोण झाकणार?"

"हात्तिच्या!" अभ्रा निघाला. तो तिचा धाकटा दीर होता. "लोरेटा, तुला चादर टांगायला सांगितलं होतं ना?"

"चूल तुझी, अक्कलही तुझीच!" त्याची बायको मागून ओरडली.

मग घराघरांतून सोंगं येऊ लागली. फिलोमिनाने कुणाला खांद्यांवरून ओळखलं, कुणाला नाचणाऱ्या पायांवरून. एकही सुटलं नाही! अँब्रोजने अकॉर्डियन काढला आणि ती एकटी स्वयंपाकघरात नाचली. तिचा धक्का लागून मी खाली पडलो, माझ्या कोपऱ्यातला तडा तेव्हाचा. मी तो मिरवतो.

"वहिनी, कुलूप लावून कुठं निघालीस म्हणे?" लोरेटाने विचारलं.

"कुठं नाही गं बाई! मी गेले तर या माकडांना ओळखणार कोण?"

मला आकाश ठेंगणं झालं.

दोन दिवसांनी रस्ता मोकळा झाला. अख्खी वस्ती, आमच्या रीतीप्रमाणे, दार न ठोठावता आत शिरली. मित्रांनो, मला जरूर जपा. माझ्यातून एकमेकांना हाका मारा, थट्टा करा, नुसते बघत बसू नका. आणि माणूस दारात आलं की मला खुशाल बाजूला ठेवा. त्या दिवशी कुणीतरी माझ्यावर ओला टॉवेल टाकला. संध्याकाळपर्यंत कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आयुष्यात इतका मान मला कधीच मिळाला नव्हता.