अक्काबाईच्या हातातलं तुणतुणं

मित्रांनो, मी एक जुनं तुणतुणं आहे. माझ्या मालकिणीच्या लेकाला, शेळगावच्या बुद्धघोषला, लोणी देवकरच्या कारखान्यात कायम केलं आणि त्याची मुलगी अंजली एसटीचा पास काढून बारामतीच्या कॉलेजात जाऊ लागली, त्या वर्षी माझा आणि माझ्या मालकिणीचा, अक्काबाईंचा, एक अपमान झाला. तो मी अजून गिळलेला नाही. म्हणून आज बोलतो आहे.

आधी एक तक्रार तुमच्याबद्दलच. कुणी तेच तेच बोलू लागला की तुम्ही म्हणता, "लावलं याने आपलं तुणतुणं!" मला हे मुळीच आवडत नाही. मला एकच तार आहे हे खरं. पण ती तार सुरात टिकून राहते, म्हणून गाणाऱ्याला कळतं की कुठून निघालो आणि कुठे परत यायचं.

माझं अंग म्हणजे धान्य मोजायचं जुनं लाकडी माप. गावात किलोचे काटे आले आणि ते माप अडगळीत पडलं. बुद्धघोषचे वडील श्रीपती तेव्हा जवान शाहीर होते. त्यांनी मापाचा तळ काढला, तिथे शेळीचं कातडं ताणून बसवलं, बाजूला बांबूची काठी ठोकली, वर खुंटी लावली आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत तार ओढली. मग मला आपल्या नव्या बायकोच्या, म्हणजे अक्काबाईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "अक्का, आजपासनं झील तू ओढायची."

झील म्हणजे काय, ते तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. शाहीर पुढे उभा राहून ओळ गातो. ओळ संपता संपता त्याचा दम संपतो. तेव्हा मागे उभा असलेला झीलकरी त्या ओळीचं शेवटचं टोक उचलतो आणि वर चढवून धरून ठेवतो. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ सुरू करतो. झील नसेल तर गाणं मधेच खाली पडेल. पण लोक बघतात पुढच्याकडे. फेटा त्याला, हार त्याला, नारळही त्यालाच.

भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला आमचा जलसा गावोगाव जायचा. श्रीपतींची गाणी कागदावर कधी नव्हतीच. गाव बदललं की ते कवन बदलायचे. कळस गावात विहिरीचं गायचे, दुसऱ्या गावात शाळेचं. ठरलेलं असायचं ते फक्त ओळीचं शेपूट. ते अक्काबाईंच्या तोंडी असायचं. "ओंजळ माझी भरली गं" हे शेपूट आलं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. श्रीपती घरी आल्यावर म्हणायचे, "मी पुढं नाचतो ते हिच्या जिवावर. ही थांबली तर मी तोंडावर पडतो."

पुढे बँजो आला, मग डीजे आला. भिंती हादरवणाऱ्या त्या पेट्यांपुढे माझी तार कोण ऐकणार? मी खुंटीला लटकलो. माझ्या काठीवर कुणी छत्री अडकवू लागलं, कुणी चार्जर. श्रीपतींना दम्याने धरलं. ते दोन ओळी गायचे आणि खाटेची कड धरून बसायचे.

अंजलीने एकदा आजोबांची गाणी मोबाइलमध्ये भरून घेतली होती. तो मोबाइल कालव्यात पडला. त्यात होतं ते सगळं गेलं. पोर आठ दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून तिने ध्यास घेतला, की कुठल्या तरी मोठ्या ठिकाणी ही गाणी नीट भरून घ्यायची, आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, अंगात श्वास आहे तोवर.

ती रोज रात्री नव्या मोबाइलवर बक्षिसं आणि फेलोशिपा शोधायची. मी भिंतीवरून ऐकायचो आणि माझी तार तापायची. एका ठिकाणी पस्तिशीच्या आतला उदयोन्मुख कलावंत हवा होता. अक्काबाई पस्तिशीच्या आत होत्या तेव्हा हे लोक कुठे होते? एका ठिकाणी वर्तमानपत्रातली कात्रणं मागितली. एका ठिकाणी तर म्हणे, आधी पुरस्कार मिळालेल्या दोघांची शिफारस आणा. म्हणजे ताटावर बसायचं तर आधी ढेकर देऊन दाखवायचा!

शेजारचे आबासाहेब, अंजली त्यांना तात्या म्हणायची, संध्याकाळी तंबाखू मळत येऊन बसायचे. त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, फेलोशिप म्हंजे फेल झाल्यावर देत्यात ती का?"

"न्हाय ओ तात्या. कलावंताला काम करायला देत्यात."

"मग तुझ्या आबाला कशाला? त्येनं तर काम कवाच सोडलंय." आणि ते स्वतःच हसले.

शेवटी एक जागा सापडली. एका कलासंस्थेने बारामतीजवळ बंगला घेतला होता. तिथे स्त्री-कलावंतांना तीन महिने राहायला, जेवायला मिळणार होतं. सोबत घरचं एक माणूस आणायची मुभा होती. आणि जे काम होईल ते ध्वनिमुद्रित करून, छापून कायमचं जपलं जाणार होतं. अक्काबाईंच्या नावाने अर्ज करायचा आणि श्रीपतींनी सोबती म्हणून जायचं, असं ठरलं.

"म्हंजे आता मी तुझा झीलकरी," श्रीपती म्हणाले.

"जमंल का तुमाला?" अक्काबाई म्हणाल्या. "मागं उभं ऱ्हायला लई दम लागतो."

अर्ज इंग्रजीतच भरायचा होता. संस्था इथली, कलावंत इथले, बंगला इथल्याच मातीवर, पण अर्ज इंग्रजीत! अंजलीचं इंग्रजी बेताचं. तिने आजीला विचारलं, "आज्जी, तुझं काम एका वाक्यात सांग."

"मी झील ओढते," अक्काबाई म्हणाल्या.

अंजलीने तेच मराठीत लिहिलं आणि मोबाइलला इंग्रजी करायला सांगितलं. मोबाइलने केलं. आणि मित्रांनो, निवड झाली! पोर अंगणात नाचली. श्रीपतींनी मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि नवी तार चढवली.

बंगल्यात पाऊल ठेवलं तर समोर रंगांच्या बाटल्या, ब्रश आणि मोठमोठे कोरे कागद. दाराशी पाटी होती, तीवर निवडलेल्यांची नावं. अक्काबाई चाळिशी उलटल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. त्या बोट लावून वाचू लागल्या, "अ-क्का-बा-ई. ज-ला-श-य चि-त्र-का-र." मग अंजलीला म्हणाल्या, "ही दुसरी कोन अक्काबाई गं?"

तेवढ्यात तिथल्या व्यवस्थापक दिपालीताई हसत आल्या. "या आजी! तुमची तळी बघायला आम्ही सगळे उत्सुक आहोत."

"तळी?" अक्काबाई दचकल्या. "खंडोबाची व्हय? बाई, आमी बौद्ध हाय. आमी तळी भरत न्हाय."

"ती नाही हो. तळी, तलाव! तुम्ही तलावांची चित्रं काढता ना? अर्जात लिहिलंय."

अंजलीने अर्ज पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मोबाइलने झील हा शब्द हिंदीतला धरला होता. हिंदीत झील म्हणजे तळं. आणि ओढणं म्हणजे त्याने रेघ ओढणं, चित्र काढणं धरलं. "मी तळ्यांची चित्रं काढते," असं त्या अर्जात लिहिलेलं होतं. आणि एवढ्या मोठ्या संस्थेत एकालाही वाटलं नाही, की म्हातारीला एक फोन करावा आणि तिच्या भाषेत विचारावं, "बाई, तुम्ही करता काय?"

निवड करणारे सर बाहेर आले. अंजलीने त्यांना रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "संगीत विभागात मुख्य गायिका घेता येते, नाहीतर वादक. झीलकरी असा प्रकार आमच्याकडे नाही."

"मग वादक म्हणून?" दिपालीताईंनी माझ्याकडे बोट केलं.

सरांनी मला उचलून पाहिलं. "एकाच तारेचं. यावर एकल वादन होत नाही." आणि मला रंगाच्या बाटल्यांशेजारी ठेवून दिलं.

दिपालीताई मनाच्या वाईट नव्हत्या. त्यांनी अक्काबाईंचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "आजी, निवड झालीच आहे. तुम्ही काढा ना दोन-चार तळी. साधी. गोल काढा, निळा रंग भरा. असं कच्चं काम हल्ली लोकांना फार आवडतं. राहायची सोय होईल, आणि आजोबांची गाणीही बघू मग."

मित्रांनो, कच्चं काम! सगळी हयात जिने सूर ढळू दिला नाही, तिला हे शब्द ऐकावे लागले.

श्रीपती खुर्चीत धापा टाकत होते. ते म्हणाले, "काढ की गं. उजनीचं एवढं पानी बघितलंयस. काढ एक गोल, म्हन झालं तळं."

अक्काबाईंनी ब्रश हातात घेतला. गाणी वाचवायची तर हाच रस्ता होता, हे त्यांना कळत होतं. त्यांनी हात कोऱ्या कागदापर्यंत नेला. मग ब्रश खाली ठेवला.

"अवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ही तळी माज्या नावानं भितीला लागत्याल. तुमच्या गान्याच्या पुस्तकात लिवत्याल, शाहिराची बायकू चित्रं काढायची. मग तुमच्या मागं उभं कोन होतं, ते कुनाला ठावं ऱ्हाईल?" आणि सरांना म्हणाल्या, "सायेब, रकाना न्हाय तर न्हाय. पर आलोच हाय तर एकडाव ऐका तरी."

त्यांनी मला काखेत धरलं. श्रीपती खुर्चीला धरून उभे राहिले. त्यांनी पहिली ओळ घेतली, आणि खरं सांगतो, आवाज जुना होता तसाच निघाला. ओळ संपली. अक्काबाईंनी टोक उचललं, "ओंजळ माझी भरली गं..." श्रीपती श्वास घेऊ लागले. श्वास येईना. अक्काबाईंनी सूर सोडला नाही. त्या धरून राहिल्या, वर चढवत राहिल्या. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, माझी तार त्यांच्या बोटाला कापू लागली. अखेर श्रीपतींच्या छातीत हवा शिरली आणि दुसरी ओळ आली. एवढा वेळ गाणं कुणी सांभाळलं होतं, हे त्या खोलीत कुणालाच कळलं नाही.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. सर पुढे झाले आणि श्रीपतींचे दोन्ही हात धरून म्हणाले, "वा शाहीर, वा! पुढच्या वर्षी आम्ही शाहिरांसाठी योजना काढतोय. तुम्ही जरूर या. आजींना घेऊन या सोबतीला."

श्रीपतींना बोलायला दम उरला नव्हता. अक्काबाईच म्हणाल्या, "फुडच्या वर्साचा दम आता कुटनं आणू, सायेब?"

आम्ही दुपारच्या एसटीने परत आलो. सगळ्या वाटेत अंजली आजीची माफी मागत होती. अक्काबाई म्हणाल्या, "तू शोधलंस तरी. त्यांनी तर तेबी केलं न्हाय."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होईल आणि बक्षिसं वाटायच्या टेबलामागे बसेल. तेव्हा पुढे उभा असलेल्याचं कौतुक जरूर करा. पण मागे कोण उभं आहे, तेही मान वळवून बघा. समोरच्याला त्याच्या भाषेत विचारा, आणि तो सांगेल ते कान देऊन ऐका. आमचं काम तुमच्या रकान्यात बसत नसेल, तर रकाना नवा आखा. त्याला फक्त एक रेघ लागते.

अक्काबाई आजही कधी कधी मला मांडीवर घेतात आणि झील ओढतात. अंजली ती भरून घेते. पण ती ओळींची नुसती शेपटं आहेत. त्यांच्या आधी काय होतं, ते दर गावाला वेगळं होतं, आणि ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

शाहीर श्रीपती शेळगावात आपल्या घरी १९ जानेवारी २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी वारले. शाहिरांच्या योजनेची जाहिरात त्यानंतर जूनमध्ये आली.