सहाव्या गाडीची जागा

मी तोंडाची फटकळ आहे, ठाण्याच्या माजिवड्यात कुणालाही विचारा. पण त्या दिवशी मी माझ्याच पोरीवर तोंड टाकलं, ते आठवलं की अजून लाज वाटते.

झालं असं, की आमचं जुनं घर पाडून तिथे ऑफिसांची तीन मजली बिल्डिंग करायचं ठरलं. अंगणात आमचा क्रूस. प्लेगच्या साथीत सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला. मे महिन्यात अख्खी आळी तिथे मेणबत्त्या लावून रोझरीची प्रार्थना म्हणते. नौपाड्याचे आर्किटेक्ट विनीत सर नकाशा घेऊन आले आणि म्हणाले, नियमाप्रमाणे सहा गाड्यांचं पार्किंग द्यावं लागतं आणि सहावी गाडी नेमकी क्रूसाच्या जागी येते. क्रूस हलवावा लागेल. नियमच म्हटल्यावर मी काय बोलणार? रडले, आणि चर्चमध्ये जाऊन फादरना सांगूनही आले.

सेरेना, माझी धाकटी, ह्याच सरांच्या ऑफिसात नकाशे काढते. तिने नियमांचं ते जाडजूड बाड घरी आणलं आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. बोंबील तळून ठेवले तरी बाईचं लक्ष नाही. शेवटी म्हणते, मम्मी, सरांनी गाड्या जास्त धरल्यात. मी भडकलेच. ज्यांच्याकडे शिकलीस त्यांनाच अक्कल शिकवतेस, असं नको नको ते बोलले. ती उठली आणि ताट धुवायला गेली.

सोमवारी नकाशावर सही करायला मी नौपाड्याला गेले. जागा माझ्या नावावर ना. पेन हातात घेतलं तेवढ्यात सेरेना पुढे आली. ते बाड तिने सरांपुढे उघडून ठेवलं.

"सर, नियम चटई क्षेत्रावर गाड्या मोजतो, भिंतींच्या आत वापरायची जागा तेवढीच. आपण जिना, लिफ्ट, भिंती, सगळंच धरलंय."

सर म्हणाले, आपण नेहमी असंच धरतो, जास्त पार्किंग दाखवलं की महापालिकेत कुणी प्रश्न विचारत नाही.

"पण सर, ती जास्तीची गाडी आमच्या क्रूसावर उभी राहते."

सरांनी बाड ओढून घेतलं. पान वाचलं, कॅल्क्युलेटरवर दोनदा हिशेब केला. मी पेन घट्ट धरून बसले होते, सेरेनाकडे बघायची हिंमत नव्हती.

"पाचच लागतात," सर म्हणाले. "सेरेना, नकाशा तूच बदल."

गेल्या महिन्यात मंजुरी आली. नकाशावर गाड्यांचे पाच चौकोन आहेत. सहाव्याच्या जागी बारीकसा क्रूस काढलाय आणि खाली लिहिलंय, 'क्रूस, आहे तिथेच'. त्यावर महापालिकेचा शिक्का.

तो कागद घेऊन मी तडक फादरकडे गेले. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. एरवी मी पन्नास वाक्यं बोलते.

"माझ्या सेरेनाने," एवढंच म्हणाले.